डेमोतल्या मेनूला भुलू नका: थीम निवडताना आणि सजवताना या चुका टाळा

वेबसाइटच्या थीमच्या (म्हणजे तयार साच्याच्या) डेमोत मेनू नेहमीच देखणा दिसतो. होम, अबाउट, ब्लॉग, काँटॅक्ट असे चार आखूड शब्द एका ओळीत ऐसपैस बसलेले असतात. आपण तीच थीम घेतो, त्यात ‘आमच्याविषयी’, ‘प्रशिक्षण वर्ग’, ‘नेहमी विचारले जाणारे प्रश्न’ भरतो आणि मेनू दोन ओळींत मोडून लोगोच्या अंगावर येतो. मग फॉन्ट बारीक करत बसायचं. इथे चुकतो तो क्रम. मेनूतले शब्द आधी ठरवा, थीम नंतर. डेमोतल्या मेनूवर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ (ब्राउझरमधला पानाचा कोड दाखवणारा पर्याय) उघडलं की तिथल्या शब्दांच्या जागी आपले शब्द टाकून पाहता येतात. पैसे भरण्याआधी एवढं कराच.

दुसरी गफलत लिपीची. बहुतेक थीमची सजावट रोमन अक्षरांसाठी केलेली असते. दोन अक्षरांमध्ये जागा सोडणारं लेटर-स्पेसिंग इंग्रजीत झोकदार दिसतं, मराठीत मात्र शिरोरेषेचे तुकडे पाडतं. ते शून्यावर आणा. लाइन-हाइट (ओळीची उंची) कमी आणि मेनूच्या पट्टीची उंची ठरावीक असेल, तर वेलांट्या आणि उकार कापले जातात, १.५च्या आसपास ठेवून बघा. थीमच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल, तर ब्राउझर हाताला लागेल तो फॉन्ट लावतो आणि प्रत्येक मशीनवर मेनू वेगळा दिसतो. त्यापेक्षा ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ स्वतःच ठरवून द्या.

वर्डप्रेसवर (साइट बांधायच्या प्रणालीवर) थीम बदलली आणि मेनू गायब? घाबरून नव्याने बांधायला घेऊ नका. मेनू डेटाबेसमध्ये शाबूत असतो; नव्या थीममधल्या जागेचं नाव वेगळं असल्यामुळे तो कुठे लावायचा हे तिला कळलेलं नसतं. ‘अपिअरन्स’मधल्या ‘मेनूज’मध्ये जाऊन जागा नेमून द्या. २०२२ पासून आलेल्या ब्लॉक थीममध्ये (सगळं पान ब्लॉक जोडून बांधणाऱ्या) सहसा हा पडदाच नसतो. तिथे ‘एडिटर’मधल्या नॅव्हिगेशन ब्लॉकमध्ये जुना मेनू निवडावा लागतो.

उपमेनूचं दुखणं वेगळंच. माउस खाली नेईपर्यंत तो मिटतो, कारण मुख्य शब्द आणि उपमेनू यांच्यात मार्जिनची (डब्याबाहेरच्या मोकळ्या जागेची) फट राहिलेली असते. तिथे मार्जिनऐवजी उपमेनूला वरून पॅडिंग (डब्याच्या आतली जागा) द्या. उपमेनू स्लायडरच्या (सरकत्या फोटोंच्या) मागे दडत असेल, तर जो तो झेड-इंडेक्स (कोण कोणाच्या वर दिसेल ते ठरवणारा आकडा) ९९९९ करतो. (मीही केलंय.) हेडरला (पानाच्या वरच्या पट्ट्याला) ट्रान्सफॉर्म (सरकवणं-फिरवणं) किंवा एकापेक्षा कमी ओपॅसिटी (थोडी पारदर्शकता) लावलेली असेल, तर आतला आकडा कितीही वाढवा, तो हेडरच्या बाहेर चालत नाही. झेड-इंडेक्स हेडरलाच द्यावा लागतो. आणि उपमेनू मधूनच कापलेला दिसला, तर वरच्या एखाद्या डब्याला ‘ओव्हरफ्लो: हिडन’ (बाहेर येणारा भाग लपवणारा नियम) आहे का ते शोधा.

फोनवर हॉव्हर (माउस नुसता वर नेणं) नसतो, हे विसरू नका. उपमेनू उघडायला वेगळा बाण हवा, आणि तो बोटाला सापडेल एवढा: डब्ल्यूसीएजी २.२ हे वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीचं मार्गदर्शक किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगतं, मला ४४ बरे वाटतात. तीन रेघांचं बटण १९८१च्या झेरॉक्स स्टार संगणकापासून चालत आलंय. पण मोठ्या पडद्यावर जागा असताना पाच शब्द त्यामागे लपवायचं कारण नाही. फोनवर ते बटण न येता सगळं पान इवलंसं दिसत असेल, तर व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पान पडद्याच्या रुंदीत बसवायला सांगणारी कोडची ओळ) आहे का ते तपासा.

फोटोवर तरंगणारा पारदर्शक मेनू? फोटो बदलला की अक्षरं बुडतात. अक्षरं आणि मागचा रंग यांच्यातला कॉन्ट्रास्ट निदान ४.५:१ हवा. लिंकवरून पानातल्या शीर्षकापाशी गेल्यावर वर चिकटून राहणारा हेडर ते झाकत असेल, तर पानाला हेडरच्या उंचीइतकं स्क्रोल-पॅडिंग-टॉप द्या.

हे बदल थीमच्या मूळ फाइलमध्ये करू नका, पुढच्या अपडेटला पुसले जातील. चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमला जोडलेल्या आपल्या वेगळ्या थीममध्ये) लिहा. आणि लिहूनही काहीच बदललेलं दिसत नसेल, तर आधी कॅशे (साठवून ठेवलेली जुनी प्रत) रिकामा करा. एक अख्खी संध्याकाळ मी बरोबर असलेला कोड दुरुस्त करण्यात घालवली आहे.