ग्रुपवर टीका आली की उडवू नका, एडिट करायला सांगा

गणपती झाले की मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हिशोब पडतो आणि कुणीतरी विचारतंच की साऊंडवर एवढे कशाला घातले, इथवर ठीक आहे, पण पुढच्याच ओळीत खजिनदाराची लायकी निघते. ॲडमिनने मेसेज उडवला तर 'ॲडमिनने डिलीट केला' हे सगळ्यांना दिसतं, मग आमच्या सांगलीत भडंग खात खात हाच विषय आठवडाभर.

पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत एडिट करता येतो, ते वापरा.

१. ग्रुपवर गप्प राहा. त्या माणसाला लगेच फोन लावा, मेसेज बघेपर्यंत वेळ जातो.

२. नेमकं सांगा: "दादा, साऊंडचा प्रश्न राहू दे, बरोबरच आहे, फक्त शेवटची ओळ तेवढी काढ." 'जरा नीट बोला' असलं मोघम सांगितलं की माणूस अजून पेटतो.

३. मेसेज दाबून धरून एडिट. वेळ गेली असेल तर त्यालाच डिलीट करून नीट लिहून परत टाकू दे.

४. मग ॲडमिनने त्याच मेसेजला रिप्लाय देऊन खजिनदाराला टॅग करायचं आणि बिलाचा फोटो मागायचा. हे टाळलं तर वरचं सगळं फुकट, कारण लोकांना उत्तर पाहिजे असतं.

फक्त धमकी किंवा जातीवरून शिवी असेल तर एडिटबिडिट नाही, आधी स्क्रीनशॉट काढा आणि मग सरळ उडवा.