सांदण दरीतलं पाणी ओलांडताना

भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावातून सांदण दरीत, म्हणजे दोन उंच कड्यांमधल्या अरुंद घळीत, उतरलं की थोड्याच वेळात पाण्याचे डोह लागतात. पहिला साधारण गुडघा-मांडीपर्यंत, दुसरा त्याहून खोल. पावसाळा संपल्यावर लगेच गेलात तर छातीपर्यंत पाणी लागतं, उन्हाळ्याकडे ते उतरत जातं. इथे बहुतेकजण बूट काढून हातात घेतात. कृपा करून तसं करू नका. तळाला शेवाळलेले, कडा असलेले दगड आहेत. अनवाणी पाय सटकला की घोटा दोन दगडांच्या फटीत अडकतो. बूट घालूनच उतरा, मोजे मात्र आधी काढून कोरडे ठेवा. पलीकडे गेल्यावर बुटातलं पाणी ओतायचं, पाय पुसायचे, मोजे चढवायचे. पुढे तासन्‌तास दगडांवरून चालायचं असतं, ओल्या मोज्यांनी हमखास फोड येतात.

पोहायचा मोह होतो, तेही समजतं. पण घळीत ऊन जेमतेम पोचतं, पाणी बर्फासारखं असतं. हळूहळू उतरा, वरून उडी अजिबात नको. मोबाईल जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, सॅक डोक्यावर. आणि पावसाळ्यात दरीत पाऊलही टाकू नका, तेव्हा ती पाण्याचीच वाट असते.