घराण्यात किडनीचा आजार आहे? मग या चुका टाळा

किडनी प्रत्यारोपणाची समन्वयक म्हणून मला चौदा वर्षं झाली. दाता शोधा, कागद जमवा, समितीसमोर उभं करा आणि मधल्या वेळात घरच्यांची भांडणं ऐका, असं हे काम. पॉलिसिस्टिक किडनीचं कुटुंब दारात आलं की पुढचं संभाषण मला पाठ असतं. या आजारात दोन्ही किडन्यांना पाण्याचे फुगे येतात आणि वर्षानुवर्षं वाढत राहतात. आई किंवा वडील, एकाला असला की प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, मग मुलगा असो की मुलगी. बहुतेकांत दोष सोळाव्या गुणसूत्रावरच्या पीकेडी-१ या जनुकात असतो, थोड्यांत चौथ्यावरच्या पीकेडी-२ मध्ये. दुसरा प्रकार सौम्य, त्यात किडनी साधारण सत्तरी गाठते. पहिल्यात पन्नाशीतच डायलिसिसची वेळ येऊ शकते.

‘आमच्याकडे कुणालाच नाही’

हे वाक्य मी रोज ऐकते आणि रोज अविश्वासाने ऐकते. कराडकडचे एक गृहस्थ आले होते, वय अडतीस, क्रिएटिनिन (किडनीने गाळून टाकायचा रक्तातला कचरा) चारच्या पुढे. ‘मॅडम, आमच्या घराण्यात किडनीचा त्रास नाहीच. जीन टेस्टच करून टाका, काय ते एकदाचं कळू दे.’ शेजारी त्यांच्या आत्या मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. मी पाठकोरा कागद ओढला आणि त्यांना विचारलं, ‘आत्या, तुमचे वडील कशानं गेले?’

‘डोकं धरून बसले आन् गेले की. पंचेचाळीसचे असतील. अंगावरनं वारं गेलं म्हनले.’

‘आणि काका?’

‘धाकल्या काकाचं पोट ह्ये एवढं. जलोदर म्हनून तीन वर्सं मुळ्या उगाळून पाजल्या.’

मुंबईला गिरणीत असलेल्या आत्यांच्या थोरल्या भावाला लघवीतून रक्त जायचं, तर उन्हाळी लागली म्हणून सब्जा भिजवून द्यायचे. हाच थोरला भाऊ म्हणजे समोर बसलेल्या गृहस्थांचे वडील. ते गावी येताना एसटीच्या अपघातात गेले, त्यामुळे पुढचं काही कळलंच नाही. आम्ही पुरुषाला चौकोन काढतो, बाईला गोल, आणि संशय असेल तिथे काळं भरतो. वीस मिनिटांत तीन चौकोन काळे झाले. गृहस्थ कागदाकडे बघतच राहिले. ‘पण ही तर किडनी नव्हतीच!’

पोट फुगलं ते बहुधा फुग्यांनी भरलेल्या किडन्यांनी. आजोबा गेले ते बहुधा मेंदूतली रक्तवाहिनी फुटून. या आजारात मेंदूच्या रक्तवाहिनीला फुगवटा येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त असतं, आणि घरात कुणी असं अचानक गेलं असेल तर आणखी जास्त. म्हणून या गृहस्थांच्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा एमआरआय करून घेतला. साफ निघाला. पण आत्या आल्याच नसत्या तर तो कुणाला सुचलाही नसता.

तेव्हापासून ‘घरात किडनीचा आजार आहे का?’ हा प्रश्न मी टाकून दिला. त्याऐवजी विचारते, कोण कितव्या वर्षी गेलं, जाताना काय होत होतं, बीपीची गोळी कुणाला तिशीतच लागली. आणि हे पुरुषांना विचारत नाही. घरातली सगळ्यात म्हातारी बाई शोधते. दहा-पंधरा टक्के रुग्णांत खरोखरच मागे कुणी सापडत नाही, पण ते आत्याला विचारून झाल्यावर म्हणायचं.

‘सोनोग्राफी नॉर्मल आहे, तारीख द्या’

माझी सगळ्यात आवडती चूक, म्हणजे सगळ्यात जास्त शिव्या मी हिच्यापायी खाल्ल्यात. थोरला भाऊ डायलिसिसवर, आजार वडिलांकडून आलेला, आणि धाकटा सव्वीस वर्षांचा, किडनी द्यायला तयार. तालुक्याच्या सेंटरची सोनोग्राफी ‘नॉर्मल’. दिवाळीनंतरची तारीख घरच्यांनी मनाने ठरवूनही टाकली होती. मी म्हटलं, एमआरआय झाल्याशिवाय फाइल पुढे जाणार नाही.

कारण साधं आहे. चाळिशीनंतर सोनोग्राफीत फुगे नसतील तर आजार नाही असं निर्धास्त म्हणता येतं. तिशीच्या आत तसं म्हणता येत नाही, कारण बारीक फुगे सोनोग्राफीला दिसत नाहीत. जोखमीच्या घरातल्या तरुण दात्याच्या एमआरआयमध्ये दोन्ही किडन्या मिळून पाचपेक्षा कमी फुगे असले तर तो सुटला, दहापेक्षा जास्त असले तर आजार आहे. याच्या एमआरआयमध्ये चौदा निघाले.

‘मॅडमनी मोडता घातला,’ असं त्यांचे मामा मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. आता गंमत बघा. बाहेरच्या बाकावर बावन्न वर्षांची आई रोज डबा घेऊन बसत होती. साखर नाही, बीपी नाही, रक्तगट ओ. आजार वडिलांच्या बाजूचा, तिचा त्याच्याशी संबंधच नाही. तिला कुणी विचारलंच नव्हतं, कारण ‘तिचं वय झालं’. शेवटी किडनी तिनेच दिली.

‘दोघांपैकी एकाला झालं म्हणजे दुसरा वाचला’ हेही त्याच घरात ऐकलं. निम्मी शक्यता म्हणजे वाटणी नव्हे. प्रत्येक मुलासाठी नाणं नव्याने उडवलं जातं.

‘क्रिएटिनिन नॉर्मल आहे ना, मग कशाला?’

फुगे वाढतात तसा किडनीचा उरलेला चांगला भाग जास्तीचं काम ओढतो आणि क्रिएटिनिन वर्षानुवर्षं गप्प राहतं. ते वाढतं तेव्हा निम्म्याहून जास्त कारभार आटोपलेला असतो. आधी वाढतो तो किडनीचा आकार, आणि आधी चढतं ते बीपी. म्हणून सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये किडनीची लांबी लिहिली आहे का ते बघा, आणि जुन्या सीडी रद्दीत देऊ नका. तरुण, अजून किडनी चांगली असलेल्या रुग्णांत बीपी ११०/७५ च्या खाली ठेवल्यावर किडन्या कमी वेगाने वाढल्या, असं २०१४ च्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात दिसलं. घरी बीपीचं मशीन आणि एक वही, इतकं करा. किती खाली न्यायचं ते मात्र डॉक्टर ठरवतील, वहीतले आकडे बघून स्वतः गोळी वाढवू नका.

‘मुलीचं जमेपर्यंत तपासणी नको’ हा याचाच भाऊ. सोयरिकीत काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा, मी त्यात पडत नाही. पण वर्षातून एकदा बीपी बघायला कुणाला काही सांगावं लागत नाही.

‘ऑनलाइन किट मागवलं, लाळ पाठवली’

घाईचा हा नवा प्रकार. एक तरुण छापील रिपोर्ट नाचवत आला: ‘एपीओएल-१ निगेटिव्ह, मॅडम, मी सेफ आहे!’ या जनुकातले घातक बदल २०१० मध्ये सापडले, ते पश्चिम आफ्रिकेत मूळ असलेल्या लोकांत. एक प्रत तिकडच्या झोपेच्या आजारापासून वाचवते, दोन असल्या की किडनी धोक्यात येते. अमेरिकेत कृष्णवर्णीय रुग्णांसाठी ही तपासणी फार मोलाची. तासगावच्या पॉलिसिस्टिक घराण्याला तिचा काय उपयोग?

नीट तपासणीतही गोम आहे. पीकेडी-१ च्या मोठ्या भागाच्या सहा नकला त्याच गुणसूत्रावर शेजारीच बसलेल्या असतात, आणि साधी एक्झोम तपासणी (सगळ्या जनुकांचे कामाचे भाग एकदम वाचणारी) त्यांत चकते. त्यामुळे एक्झोम निगेटिव्ह आलं म्हणून पेढे वाटू नका. आधी विचारा, पीकेडी-१ वेगळ्या पद्धतीने वाचलंय का? आणि घरात ज्याला आजार नक्की आहे त्याची तपासणी आधी करा. निरोग्याची आधी करणं म्हणजे पत्ता नसताना घर शोधणं. ‘व्हीयूएस’ असा शेरा आला तर तो बदल ना दोषी ना निर्दोष, त्यावर लग्न मोडू नका की गर्भाचा निर्णय घेऊ नका.

किडनीचे काही आनुवंशिक आजार वेगळे, त्यांत दोष आई आणि वडील दोन्हीकडून यावा लागतो. म्हणून मामाची मुलगी करायची रीत असलेल्या घरांत मागच्या पिढ्या ठणठणीत असूनही मुलात असा आजार निघू शकतो. लहान मुलाला मुतखडा झाला तर जवाचं पाणी पाजत बसू नका. ऑक्झलेटचा (ज्या क्षाराचे खडे होतात त्याचा) आनुवंशिक आजार असेल तर मूळ दोष यकृतात असतो, आणि तो न ओळखता नुसती किडनी बसवली तर नवीही खराब होते.

बाकीच्या किरकोळ. पाठदुखीला मेडिकलमधून पेनकिलर आणून खाऊ नका. भस्मं नकोत. फुगे फोडून किडनी वाचत नाही. साठीच्या आजोबांना एका किडनीत एकच फुगा निघाला तर तो बहुधा वयाचा, घाबरू नका. टॉलव्हॅप्टन हे फुग्यांची वाढ मंदावणारं औषध शेजाऱ्याला दिलं म्हणून मागू नका: दिवसाला पाच-सहा लिटर लघवी, यकृताच्या सतत तपासण्या, आणि ते आजार वेगाने वाढणाऱ्यांसाठीच. आणि विम्याच्या फॉर्मवर घराण्याचा आजार विचारला असेल तर लपवू नका. आनुवंशिक आजार सरसकट वगळू नयेत, असं विमा नियामकाने २०१८ मध्येच कंपन्यांना बजावलंय, पण माहिती लपवल्याचं निघालं तर दाव्याच्या वेळी भांडायला तोंड राहत नाही.