वावरातलं काम म्हणजे वॉर्मअप नव्हे

आर्चरीत अँकर, म्हणजे दोरी ओढून हात टेकवायची जागा, कुठे घ्यायचा, ओढ पूर्ण झाली की वाजणारा क्लिकर कशासाठी असतो, बोटांवरचा टॅब कसा घालायचा, हे तुमच्या सरांनी शिकवलंच असेल. त्यात मी पडत नाही. मला बोलायचं आहे ते पहिला बाण लावायच्या आधीच्या वीस मिनिटांबद्दल. माझा उजवा खांदा तिथेच गेला, आणि थंडी पडली की अजून ठणकतो.

आमच्या अमरावती-यवतमाळच्या पट्ट्यात आर्चरी करणारी बरीच पोरं कास्तकाराच्या घरची. अर्धा दिवस वावरात, चार वाजता मैदानावर. सगळ्यांच्या डोक्यात एक समज पक्का असतो, माझ्याही होता: एवढं काम करून आलो, अंग मोकळं झालेलंच आहे, आता पुन्हा हातवारे कशाला? हा समज खांदा खातो. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण हे नीट समजून घ्या.

फवारणीचा पाठीवरचा पंप घ्या. 16 लिटरची टाकी भरली की पंपासकट वजन वीस किलोच्या घरात जातं. पट्टे खांदे दाबत राहतात, एक हात दांडा हलवतो, दुसऱ्या हातात नळी. कापूस वेचताना तर तासन्‌तास वाकलेलं आणि दोन्ही हात पुढे. छातीचे स्नायू आखडतात, पाठीवरची खांद्याची पाती बाहेर सरकून राहतात, त्यांना मागे धरणारे स्नायू ताणून ताणून थकतात. धनुष्याला नेमकं उलटं लागतं. छाती उघडी, पाती मागे आणि खाली, ओढ पाठीतून. थकलेल्या पाठीने ती होत नाही, मग दंडाने ओढलं जातं. दंडाने ओढलं की खांदा कानाकडे चढतो. खांदा चढला की वरच्या हाडाखालची फट अरुंद होते, आणि तिच्यातून जाणारा स्नायूचा दोर प्रत्येक बाणाला घासतो. खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवणारे चार छोटे स्नायू असतात, रोटेटर कफ म्हणतात त्यांना. दुखणं बहुतेक तिथेच सुरू होतं.

खांद्यावर केवढं ओझं पडतं, ते आपल्याच मापाने मोजा. धनुष्य 44 पौंडांचं असलं तर दर बाणाला साधारण 20 किलोची ओढ. रँकिंग राऊंडचे, म्हणजे स्पर्धेत क्रम ठरवणाऱ्या फेरीचे, 72 बाण म्हणजे 1440 किलो, चौदा क्विंटलच्या वर. सरावात 200 बाण मारले तर 40 क्विंटल. एवढा कापूस गाडीत भरायचा असता तर आपण कंबर कसून, नीट उभं राहून भरला असता ना?

उन्हाचंही तेच. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 ला जातो, तेव्हा पोरं म्हणतात, अंग तर तापलेलंच आहे. ऊन कातडी तापवतं. खांद्यातला खोल स्नायू हालचालीनेच जागा होतो. उन्हाळ्यात वॉर्मअप सावलीत करा, थोडा कमी करा, पाणी पिऊन करा, पण करा. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे मात्र दुप्पट वेळ द्या.

म्हणून वावरातून आलात की आधी हातपाय धुवा, पाणी प्या, अर्धा तास बसा. फवारणी करून आला असाल तर साबणाने आंघोळ करून, कपडे बदलूनच या. अँकरला हात जबड्याखाली येतो, दोरी ओठाला-नाकाला लागते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरं बसली, ते आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

मग पाच मिनिटं मैदानाला हळू धावत चकरा किंवा दोरीच्या उड्या, कपाळाला घाम येईस्तोवर. मान, मनगटं, बोटं, कंबर हे पटकन उरकलं तरी चालतं. खांद्याला मात्र घाई नको. हात गोल फिरवा, आधी लहान गोल, मग मोठे, दोन्ही दिशांनी. भिंतीला तळवे टेकून, कोपर न वाकवता फक्त पाती जवळ आणा आणि दूर न्या. त्यानंतर रबर. दुकानातला बँड नसेल तर सायकलची जुनी ट्यूब उभी कापून घ्या, मात्र तडे गेलेली नको, तुटली तर डोळ्यावर बसते. छातीसमोर दोन्ही हातांनी ताणा. मग कोपर बरगडीला चिकटवून, मध्ये घडी केलेला टॉवेल धरून, हात बाहेर फिरवा. प्रत्येकी 12-15 वेळा, दोनदा. हे शेवटचं फार हलकं वाटतं म्हणून पोरं टाळतात, आणि नेमकं तेच रोटेटर कफला जागं करतं. शेवटी रबर धनुष्यासारखं अँकरपर्यंत ओढा, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी.

नंतर धनुष्य. अर्धं ओढा, सावकाश परत आणा, मग पूर्ण. बाण नसताना दोरी कधीही सोडायची नाही. बाण नसला की लिंबमधली (धनुष्याच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या भागांतली) ताकद लिंबमध्येच राहते आणि लिंब फुटू शकतं. पहिले काही बाण पाच मीटरवरून, टार्गेट पेपर न लावता, फक्त पाठ काम करतेय का ते बघत मारा.

ताणून धरायचे व्यायाम सरावाआधी नकोत. एकेक स्नायू मिनिटभर ताणून धरला तर त्याची ताकद काही वेळ कमी होते, आणि तुम्हाला लगेच धनुष्य ओढायचं असतं. ते सरावानंतर करा: दाराच्या चौकटीला हात टेकून छाती उघडा, हात छातीवरून आडवा ओढा, मनगट ताणा, प्रत्येकी 20-30 सेकंद.

दुखणं दाबणारा स्प्रे मारून किंवा गोळी खाऊन सराव करू नका. दुखणं ही खबर असते आणि तुम्ही तीच बंद करता. हात झटकून ‘बसवून’ देणाऱ्याकडेही जाऊ नका, तो कितीही नावाजलेला असो. आणि माझं ठाम मत आहे: जो प्रशिक्षक पोरगं आलं की सरळ स्कोअर विचारतो त्याच्यापेक्षा, आधी उड्या मारायला लावणारा चांगला. आईबापांना वाटतं पोराचा वेळ वाया जातोय. जात नाही.

नागपूरचा ओजस देवतळे 2023 मध्ये बर्लिनला 150 पैकी 150 मारून विश्वविजेता झाला, बुलढाण्याच्या प्रथमेश जवकारने त्याच वर्षी शांघायच्या वर्ल्ड कपमध्ये सुवर्ण घेतलं. तेव्हापासून आमच्याकडच्या कितीतरी पोट्ट्यांना पहिल्याच महिन्यात कंपाऊंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य, हवं असतं, तेही जड. दोरी पूर्ण ओढली की शेवटी वजन हलकं होतं म्हणून त्यात खांद्याला धोका नाही, असं समजू नका. हलकं होण्याआधी पूर्ण वजन ओढावंच लागतं.

दुसऱ्या दिवशी पाठ आंबली तर घाबरू नका, नव्या माणसाची आंबतेच, दोन-तीन दिवसांत उतरते. खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचलं, त्या कुशीवर झोपता येईना, बोटांना मुंग्या आल्या, तर त्याच दिवशी धनुष्य खाली ठेवा आणि जिल्ह्याच्या ठिकाणी फिजिओथेरपिस्टला दाखवा. लवकर गेलात तर बहुतेकदा ऑपरेशनशिवाय भागतं. माझंही भागलं, उशिरा जाऊनसुद्धा. परत सुरुवात करताना आधी रबर, मग हलकं धनुष्य पाच मीटरवर, मग बाणांची संख्या, मग अंतर. पौंडेज, म्हणजे धनुष्याच्या ओढीचं वजन, वाढवायचं सगळ्यात शेवटी, तेही दोन-दोन पौंडांनी. आणि फवारणीच्या दिवशी निम्मेच बाण मारायचे, हे सरांना आधीच सांगून ठेवा.