गाणारी सुपरहिरो आणि मुकं पान : रॉक सिंगरच्या कॉमिकचा अंकागणिक रिव्ह्यू कसा लिहायचा

नाशकात कॉमिक वाचणारे कमी नाहीत, पण कॉमिकवर चार ओळी लिही म्हटलं की निम्मे लोक स्टोरी सांगत बसतात आणि उरलेले "चित्रं एक नंबर" म्हणून मोकळे होतात. त्यात कॉमिक जर रॉक सिंगरचं असेल, म्हणजे स्टेजवर गाणारी आणि त्याच रात्री गुंडांना लोळवणारी हिरॉईन, तर अजूनच पंचाईत, कारण गाणं पानापानावर आहे आणि ऐकू काहीच येत नाही. माझं म्हणणं सरळ आहे, अशा कॉमिकचा रिव्ह्यू तिथूनच सुरू करायचा. कागदावर आवाज झाला का, झाला तर कसा, नाही झाला तर कुठं फसला. बाकी सगळं त्याच्या मागून.

उदाहरणाला दोन मालिका घेतो म्हणजे हवेत बोलणं नको. पहिली डीसी या अमेरिकन कॉमिक कंपनीची ब्लॅक कॅनरी. पात्र जुनं, १९४७ सालचं, पण २०१५ मध्ये लेखक ब्रेंडन फ्लेचर आणि चित्रकार ॲनी वू यांनी तिला टूरवर निघालेल्या बँडची सिंगर केलं, एकूण १२ अंक निघाले. बँडचं नावही ब्लॅक कॅनरीच, ड्रमवर लॉर्ड बायरन, कीबोर्डवर पालोमा टेरिफिक आणि गिटारवर डिट्टो नावाची लहानशी पोरगी जी तोंडातून शब्द काढत नाही. दुसरी मार्वल या दुसऱ्या अमेरिकन कंपनीची डॅझलर. ही पहिल्यांदा १९८० मध्ये एक्स-मेन या सुपरहिरोंच्या टोळीच्या अंकात दिसली, स्वतःची मालिका मार्च १९८१ च्या अंकापासून, ४२ अंक होऊन १९८६ ला बंद. ही मूळची डिस्कोवाली, एका रेकॉर्ड कंपनीबरोबर मिळून काढायचं ठरलेलं, कंपनीने मध्येच अंग काढून घेतलं आणि मालिका येईपर्यंत डिस्कोची हवाही गेलेली. तरी पहिला अंक ४ लाखांच्या वर खपला, तोही नेहमीच्या पेपर स्टॉलवर न ठेवता फक्त कॉमिकच्या दुकानांतून.

एकच अंक घ्या, आणि संपला की मिटा

सुटे अमेरिकन अंक आपल्याकडे सहजासहजी मिळत नाहीत, मेन रोड पालथा घातला तरी नाही, त्यामुळे बहुतेक जण टॅबवर वाचतात नाहीतर कलेक्शनचं पुस्तक मागवतात. ब्लॅक कॅनरीचे पहिले ७ अंक "किकिंग अँड स्क्रीमिंग" या पुस्तकात आहेत आणि पुढचे ५ "न्यू किलर स्टार"मध्ये. आता होतं काय की पुस्तक हातात पडलं की माणूस सातही अंक एका बैठकीत उडवतो आणि मग रिव्ह्यूत सगळ्याचा काला. अंकाची शेवटची चौकट महिनाभर ताटकळत ठेवायला काढलेली असते, ती तुम्ही दोन सेकंदात ओलांडलीत तर जमली का नाही ते कळणार कसं? म्हणून अंक संपला की पुस्तक बंद, निदान एक रात्र. रात्रीत जर पुढं काय झालं असेल असं डोक्यात आलंच नाही तर तीसुद्धा रिव्ह्यूत लिहायची गोष्ट आहे.

पहिलं वाचन पेन-बिन न घेता. आजकालच्या अंकात गोष्टीची पानं २० च्या आसपास असतात, पंधरा-वीस मिनिटांत होतं. दुसऱ्या वाचनाला कागद घ्या आणि पान नंबर टाकून टिपणं काढा, "पान ७, माइक खाली पडतो, छान" एवढंच पुरे. पान नंबर नसलेल्या टिपणाचा नंतर शून्य उपयोग होतो, शोधत बसा मग.

टॅबवर वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून. चौकट-चौकट मोठी करून दाखवणारा मोड असतो ना, तो दुसऱ्या वाचनाला बंद करा. छापील अंकात धक्का देणारं चित्र शक्यतो पान उलटल्यावर येतं, म्हणजे डावीकडच्या, सम नंबरच्या पानावर, आणि हे चित्रकार ठरवून करतो. एकेक चौकट बघत गेलात की ही सगळी मांडणीच दिसत नाही आणि तुम्ही बिचाऱ्या चित्रकाराला "सपाट वाटलं" म्हणून मोकळे.

आता मुख्य पान, म्हणजे कॉन्सर्टचं

ज्या पानावर ती गाते ते पान काढा आणि एखादी कागदाची पट्टी, बसचं तिकीट चालेल, घेऊन पानावरची सगळी अक्षरं झाका. गाण्याचे शब्द, संवादाचे फुगे, धडाम-खणाण जे काही असेल ते. आता चित्राकडे बघा, आवाज येतोय का? येत असेल तर चित्रकाराने काम केलंय. पट्टी काढल्यावरच आवाज येत असेल तर श्रेय लेटरिंगवाल्याचं, म्हणजे पानावरची अक्षरं काढणाऱ्याचं. आणि दोन्ही वेळेला पान गप्पच असेल तर तुमच्या रिव्ह्यूचा पहिला पॅराग्राफ तयार आहे.

चित्रात आवाज कुठं शोधायचा हे ज्याला समजत नसेल त्याने गणपतीच्या आधी ढोल पथकांचा सराव चालू असतो तिथं जाऊन उभं राहावं, नाशिक ढोल काय चीज आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको. पण ढोलाकडे बघू नका, बघणाऱ्यांकडे बघा. एकमेकांच्या कानाला तोंड लावून बोलतात, कडेवरच्या लेकराचे कान आई तळहाताने झाकते, बाजूला लावलेल्या गाडीची काच थरथरते, आणि वाजवणाऱ्याच्या मानेची शीर दिसते. आवाज असा आजूबाजूच्या वस्तूंवर दिसतो. चित्रकाराने गर्दीतले लोक नुसते हात वर करून उभे केलेत का असं काहीतरी केलंय, हे बघायचं. सिंगरचा गळा आणि जबडा बघा, ताणलेला आहे का फोटो काढायला उभी राहिल्यासारखी आहे. सुला फेस्ट या इथल्या म्युझिक फेस्टिव्हलला वगैरे गेला असाल तर माहितीच असेल, मागून स्टेज दिसतं ते डोक्यांच्या आणि मोबाईलच्या मधून, एवढं स्वच्छ कधीच दिसत नाही.

मग रंग. २०१५ च्या ब्लॅक कॅनरीत रंग ली लॉफरिजचे आहेत आणि मोजक्याच भडक रंगांत पानं उजळून काढण्याची त्याची पद्धत स्टेजच्या लाइटिंगला एकदम फिट बसते. गाणं चालू असताना रंग बदलला का, आणि थांबल्यावर? चौकटीच्या रेघा सरळच आहेत का तिरक्या झाल्या, कुठं तुटल्या? गाण्याची अक्षरं फुग्यात कोंडलीत का पानभर पसरलीत? प्रत्येकाला एक-एक ओळ, जास्त नको, नाहीतर रिव्ह्यूचं जर्नल होतं.

आमच्या ग्रुपमध्ये एक जण कॉलेज रोडवरच्या कॅफेंमध्ये बँडबरोबर ड्रम वाजवतो, त्याच्याबरोबर असलं कॉमिक बघणं म्हणजे शिक्षाच. "अरे हिच्या गिटारला वायर कुठंय? आणि ही काडी अशी धरली तर पहिल्याच गाण्यात हातातून उडेल." पण असा एखादा वाजवणारा मित्र असेल तर त्याला पान दाखवाच, कारण ॲम्प, पेडल, वायर, साउंड चेक या गोष्टी खऱ्या वाटल्या की मग हिरॉईनने छतावरून उडी मारली तरी खपते. फक्त त्याचं सगळंच रिव्ह्यूत घालू नका.

शक्तीचा नियम तपासा

ही मजेशीर पायरी आहे आणि बहुतेक लोक गाळतात. डॅझलरची शक्ती म्हणजे ती आवाजाचा प्रकाश करते, म्हणजे तिला बाहेरून आवाज लागतो, शांततेत तिची बॅटरी डाउन. ब्लॅक कॅनरीचं बरोबर उलटं, तिच्या किंचाळीनेच समोरचा आडवा होतो. त्यामुळे प्रश्नही वेगवेगळे. डॅझलरचा अंक असेल तर प्रत्येक मारामारीत विचारा, आवाज आला कुठून? ट्रॅफिक होतं, रेडिओ होता, गर्दी ओरडत होती का लेखक सोयीस्कर विसरला? व्हिलनने तिला गप्प जागी गाठलं तर तो शहाणा. पहिल्याच वर्षात तिच्यापुढं गॅलॅक्टस, म्हणजे ग्रह खाणारा, आणून उभा केलाय, अंक १० आणि ११ मध्ये, तिथं हा नियम किती ताणला ते बघण्यासारखं आहे.

ब्लॅक कॅनरीला मात्र वेगळं विचारायचं, ज्या गळ्याने गायचं त्याच गळ्याने मारायचं असेल तर त्याची किंमत कोण देतं? शो मध्येच बंद पडतो, सामान फुटतं, बँडवाले वैतागतात, पुढच्या गावचा आयोजक फोन उचलत नाही. अंकात हे दिसलं तर लिहा, नाही दिसलं तरी लिहा. सोपा उपाय म्हणजे पानं मोजा, गाण्याची किती आणि हाणामारीची किती. २० पैकी २ पानं गाणं असेल तर बँडची गोष्ट म्हणून विकला तरी हा अंक बँडचा नाही, असं म्हणायला तुम्हाला आधार मिळतो.

गाण्याच्या ओळींबद्दल थोडंसंच. चालीशिवाय नुसते शब्द वाचले तर बहुतेक रॉक गाणी पोरकटच वाटतात, म्हणून शब्दांना झोडपू नका, ते गाणं गोष्टीत त्याच जागी का आलं ते बघा. ब्लॅक कॅनरीच्या बाबतीत तर त्या काल्पनिक बँडच्या नावाने खरी गाणीसुद्धा काढली होती. ती ऐका, पण दोन्ही वाचनं झाल्यावर. आधी ऐकलीत तर पानावर नसलेला आवाज तुम्हाला येत राहणार आणि पट्टीचा प्रयोग वाया.

नावं आणि साल

लेखक, पेन्सिल (मूळ रेखाटन), इंक (त्यावरची शाई), रंग, लेटरिंग, सगळ्यांची नावं श्रेयात असतात, वाचा आणि वापरा. मुखपृष्ठ वेगळ्याचं असू शकतं. डॅझलरच्या नंतरच्या काही अंकांची कव्हरं बिल सिंकेविचची, रंगवलेली, जबरदस्त, आणि आतली बरीचशी पानं फ्रँक स्प्रिंगरची, म्हणजे वेगळीच हवा. कव्हर बघून आत गेलात आणि हिरमुसलात तर दोष कुणाचा हे नीट लिहा. जुन्या अंकावरचा महिना प्रत्यक्ष विक्रीच्या बराच पुढचा असतो हेही ध्यानात असू द्या. आणि १९८१ च्या चंदेरी पोशाखाला, रोलर स्केट्सना आजच्या चष्म्यातून हसणं सोपं आहे, एकदा हसा आणि पुढं चला.

लिहायला बसल्यावर

सुरुवात कॉन्सर्टच्या पानावरून करा. स्टोरी तीन ओळींत, आणि अंकाच्या पहिल्या अर्ध्या भागापुरतीच, शेवटची चौकट तर अजिबात फोडायची नाही. ज्याने हे पात्र कधी ऐकलेलं नाही त्याच्यासाठी एक वाक्य पुरतं. आपल्याकडची एक पिढी इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर वाढलीय, त्यांना मुखवटा आणि गुप्त ओळख समजावून सांगायची गरज नाही, टूरवरचा बँड काय असतो ते मात्र सांगा.

वाक्य कसं असावं त्याचा एक नमुना देतो, अंक मनातला आहे. "चित्रं मस्त, ॲक्शन भारी, पाचपैकी चार" हे वाचून कुणाला काय कळणार, कप्पाळ? त्याऐवजी "पान ९ वर ती वरचा सूर लावते तेव्हा पहिल्या रांगेतल्या माणसाच्या हातातला ग्लास हिंदकळतो, आणि पान ११ वर त्याच आवाजाने भिंत पडते, पण त्या माणसाचं पुढं काय झालं ते लेखकाला आठवतच नाही" असं लिहिलं की वाचणाऱ्याला अंकही दिसतो आणि तुमची तक्रारही समजते. चांगलं-वाईट म्हणताना पान नंबर जोडायची सवय लावून घ्या, निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

स्टार द्यायचे का? मला नाही आवडत, पण लोक मागतात. मी त्यापेक्षा एका ओळीत सांगतो की अंक कुणी घ्यावा, "मारामारीसाठी घेणार असाल तर थांबा, स्टेजमागच्या कुरबुरी आवडत असतील तर घ्या" असं काहीतरी. चौकटीचा फोटो टाकायचा तर एखाद-दुसरा, ज्याबद्दल लिहिलंय तोच. अख्खी पानं टाकत सुटू नका, कुणीतरी पोटासाठी काढलेली चित्रं आहेत ती.

मालिका पूर्ण करायची ठरवली असेल तर एक वही नाहीतर मोबाईलमध्ये नोट ठेवा आणि प्रत्येक अंकानंतर त्यात फक्त उघडे राहिलेले प्रश्न लिहा. डिट्टो बोलत का नाही, हिच्या मागे कोण लागलंय, असले. पुढच्या अंकाच्या रिव्ह्यूआधी वही उघडायची, ज्याचं उत्तर मिळालं त्यावर काट मारायची. मधले अंक रेंगाळतात, पाचवा-सहावा अंक आला की लिहायला नवीन काही सुचत नाही, तेव्हा बिनधास्त छोटं लिहा, दीडशे शब्दांचा रिव्ह्यू पण रिव्ह्यूच असतो. शेवटच्या अंकाला मात्र वही समोर ठेवूनच बसा, काट न मारलेले जेवढे प्रश्न उरलेत ते सगळे एकाखाली एक लिहून टाका, त्या अंकाचा अर्धा रिव्ह्यू तिथंच झाला.