सँड फिल्टरचा बॅकवॉश : दाब किती ठेवायचा?

ठिबकच्या कामात नव्याने उतरलेल्याला हा आकडा आधी हवा असतो. तर इनलेटच्या, म्हणजे पाणी फिल्टरमध्ये शिरतं त्या बाजूच्या, गेजवर साधारण २ किलो (प्रति चौरस सेंमी) दाब मिळाला, की दोन टाक्यांच्या फिल्टरचा बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुणं, बहुतेक ठिकाणी नीट होतो. पण गेजवर २ किलो दिसतो म्हणून वाळू धुतली जातेच असं नाही. वाळू धुते ती खालून वर येणाऱ्या पाण्याने. थर फुगून दाणे एकमेकांवर घासले गेले तरच त्यांना चिकटलेलं शेवाळ आणि गाळ सुटतो. हे पाणी किती सोडायचं ते बॅकवॉशच्या पाइपवरचा व्हॉल्व्ह ठरवतो. खरं सेटिंग तिथेच आहे.

२४ इंच व्यासाची टाकी आणि सुमारे ०.७ मिमी दाण्याची वाळू असेल, तर ताशी १० ते १२ हजार लिटर पाणी लागतं. मोजायला मीटर नको. बॅकवॉशचं पाणी २०० लिटरच्या बॅरलमध्ये धरा, तो एक ते सव्वा मिनिटात भरायला हवा. दाणा जाड असेल तर पाणी जास्त लागेल.

आता सेटिंग. पंप चालू करून दाब स्थिर होऊ द्या आणि एकाच टाकीचा बॅकवॉश सुरू करा. पाइपवरचा व्हॉल्व्ह आधी जेमतेम उघडा, मग थोडा थोडा वाढवत न्या. प्रत्येक वेळी अर्धा मिनिट थांबून पाइपमधून पडणाऱ्या पाण्याखाली पातळ सुती फडकं धरा. वाळूचे जाड दाणे फडक्यात दिसू लागले की व्हॉल्व्ह हळूहळू मागे घ्या. क्वचित एखादा बारीक कण येतोय, अशा जागी थांबा आणि हँडलवर रंगाची खूण करा. नवी वाळू भरलेली असेल तर सुरुवातीची भुकटी वाहून जाऊ द्या. फडक्याची परीक्षा त्यानंतर.

व्हॉल्व्ह पूर्ण उघडूनही जोर येत नसेल तर बहुतेक वेळा पाणी शेताकडे पळत असतं. मेनलाइनचा व्हॉल्व्ह थोडा आवळा, इनलेटचा दाब वर येईल. तरीही नाही आला तर बॅकवॉशचा पाइप बघा. तो अरुंद केलेला, लांबवर नेलेला किंवा चढावर टाकलेला असतो आणि तिथेच दाब अडतो. हा पाइप आखूड आणि उतारावर हवा. त्याचं तोंड मात्र विहिरीत किंवा शेततळ्यात सोडू नका, काढलेला गाळ पुन्हा फिल्टरमध्ये येईल.

बॅकवॉश करायचा कधी? स्वच्छ फिल्टरच्या आत-बाहेरच्या दाबातला फरक लिहून ठेवा. तो ०.३ ते ०.५ किलोने वाढला की बॅकवॉश करा. दोन्ही बाजूंना शक्यतो एकच गेज लावून मोजा, कारण दोन गेज सारखं दाखवतीलच असं नाही. धुण्याला प्रत्येक टाकीमागे ३ ते ५ मिनिटं पुरतात, पण घड्याळापेक्षा काचेच्या बाटलीत धरलेलं पाणी स्वच्छ दिसलं की थांबणं चांगलं.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे कमी जोराचा बॅकवॉश. वाळूत मातीचे गोळे बनतात, पाणी त्यांना वळसा घालून ठरावीक वाटांनी खाली जातं. मग दाबातला फरक कमीच दिसतो, फिल्टर स्वच्छ वाटतो आणि इकडे ड्रिपर बंद पडत जातात. म्हणून अधूनमधून पंप बंद करून, टाकीतला दाब शून्यावर आल्यावरच, झाकण उघडा आणि वाळूत हात घाला. गोळे लागले तर हाताने फोडून पुन्हा बॅकवॉश करा. वाळूची पातळीही तेव्हाच बघा, थर फुगायला वर साधारण एक तृतीयांश टाकी रिकामी हवी.

सँड फिल्टरच्या पुढच्या स्क्रीन (जाळीच्या) फिल्टरमध्ये वाळू सापडली तर बॅकवॉशचा व्हॉल्व्ह फिरवत बसू नका. टाकीच्या तळाची गाळणी फुटलेली किंवा ढिली झालेली असते.

थंड पाणी वाळूला जास्त उचलतं. मे महिन्यात केलेल्या खुणेवर डिसेंबरात वाळू वाहून जाऊ शकते, तेव्हा दिवाळीनंतर फडकं एकदा पुन्हा धरा.