स्टीलच्या भांड्यांची निवड आणि निगा

इंग्लंडमधील शेफील्डचे धातुतज्ज्ञ हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये बंदुकीच्या नळ्यांसाठी टिकाऊ पोलाद शोधताना सुमारे १२.८ टक्के क्रोमियमचा मिश्रधातू, म्हणजेच स्टेनलेस स्टील, तयार केला. व्हिनेगर आणि लिंबाच्या रसालाही तो दाद देत नाही, हे पाहून त्यांनी तो सुऱ्यांसाठी सुचवला. क्रोमियम आणि ऑक्सिजन यांच्या संयोगाने पृष्ठभागावर जो अतिशय पातळ थर तयार होतो, तोच गंज रोखतो. निगा राखायची ती या थराची.

भांडे घेताना त्यावर ३०४ किंवा १८/८, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, असा ठसा पाहावा. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे माल अस्सल, असे दुकानदार छातीठोकपणे सांगतात. परंतु निकेल कमी करून मँगनीज वाढवलेल्या स्वस्त २०० मालिकेच्या पोलादालाही तो सहसा चिकटत नाही, त्यामुळे ही परीक्षा अपुरी आहे.

थंड पाण्यात मीठ टाकून पातेले तसेच ठेवल्यास तळाला बारीक खड्डे पडतात. म्हणून मीठ उकळी आल्यावर घालून लगेच ढवळावे. लोखंडी तारेची घासणी टाळावी, कारण तिचे कण पृष्ठभागात रुतून गंजतात आणि बोल मात्र भांड्याला लागतो. लोणच्यात मीठ आणि आम्ल दोन्ही असल्याने ते चिनी मातीच्या बरणीतच भरावे.